मधुकाकांचा मासेमारीचा दिवस

बातमी आली तेव्हा मी वर्गावर होते. समोर ऐकू न येणारी अकरा मुलं आणि फळ्यावर अर्धवट काढलेलं बैलगाडीचं चित्र. टेबलावरचा फोन थरथरला. नलिनीकाकूंचं, म्हणजे मधुकाकांच्या पत्नीचं नाव दिसलं. शाळेच्या वेळात काकू कधीही फोन करत नसत. "वैशाली, हे गेले गं… आत्ता, चहा घेता घेता," एवढंच त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, अगदी शांत आवाजात, "लेकरांना तू सांग. दुसऱ्या कुणाकडून कळायला नको."

आमच्या मुलांनी मधुकाकांना त्यांच्या भाषेत एक नाव दिलेलं होतं. तर्जनी आकड्यासारखी वाकवायची आणि गालाजवळून झटक्यानं वर ओढायची, गळाला मासा लागावा तशी. ती खूण मी केली. मग 'गेले' म्हणून दोन्ही तळवे पालथे केले. मुलं माझ्या हातांकडे बघत राहिली. कुणी रडलं नाही, कारण आधी कुणाचा विश्वासच बसला नाही. पहिल्या बाकावरच्या मुलीनं माझा हात धरून खाली केला, जणू मी चुकीचं काहीतरी लिहिलं होतं आणि ती ते पुसत होती. मग तिनं हातांनी पाणी काढून दाखवलं आणि भुवया उंचावल्या. तलाव? तलावावर जायचं की नाही? मी फळ्याकडे वळून बैलगाडी पुसायला लागले.

मधुकर हे त्यांचं नाव. घराणं औंढ्याचं, देवाच्या सेवेतलं. वडील पूजाअर्चा करायचे, आई फुलांच्या माळा करायची. दीड वर्षांचे असताना पोलिओनं दोन्ही पाय गेले. पुढं ते शिकले, पाटबंधारे खात्यात कारकून झाले आणि हिंगोलीत भाड्याच्या दोन खोल्यांमध्ये संसार थाटला. तीस वर्षं त्यांनी जिल्ह्यातल्या लहान-मोठ्या तलावांची पाणीपातळी कागदावर लिहिली. कुठल्या तलावाचा सांडवा कुठल्या बाजूला आहे, कुठला मे महिन्यात आटतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. यातला एकही तलाव मात्र त्यांनी काठावर बसून पाहिलेला नव्हता. निवृत्त झाल्यावर त्यांनी जोडचाकं लावलेली स्कूटर घेतली, आणि दोन महिन्यांत ती आमच्या शाळेच्या दारात उभी राहिली.

आमची शाळा छोटी, निवासी. न दिसणारी, न ऐकणारी, चालता न येणारी, सगळीच मुलं एका छपराखाली. आमच्याकडे पाहुणे येतात ते वाढदिवसाला. केळी वाटतात, फोटो काढतात आणि जातात. काकांच्या हातात काही नव्हतं. कुबड्या भिंतीला टेकवून ते व्हरांड्यातल्या बाकावर बसले आणि मला विचारलं, "मॅडम, तुमच्या मुलांची सहल कुठं जाते?"

"यंदा औंढ्याला गेली होती."

"बरं. तिथं काय केलं त्यांनी?"

"देऊळ बघितलं. बाग बघितली."

"बघितलं," ते म्हणाले, आणि कुबडीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. "ज्यांना दिसतं त्यांनी बघितलं. करून काय आले?"

मला राग आला होता, हे मी आज कबूल करते. आम्ही चार माणसं बत्तीस मुलांना बसमध्ये चढवतो आणि उतरवतो, तेवढ्यातच दिवस संपतो, असं काहीतरी मी तोडून बोलले. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि मग त्यांच्या लहानपणाची गोष्ट सांगितली. औंढ्याजवळच्या ओढ्यावर वाड्यातली सगळी पोरं गळ टाकायला जायची. घरी कळू न देता जायची, कारण घर शाकाहारी. धाकटा भाऊ यांना पाठुंगळी घेऊन जायचा आणि काठावर बसवायचा. "आणि माझं काम काय, माहीतंय? चपला राखायच्या. सगळ्यांच्या चपला माझ्यापुढं ओळीनं लावायचे आणि पाण्यात उतरायचे. सहा वर्षं मी चपला राखल्या. एकदाही कुणाला वाटलं न्हाई की याच्या हातात काठी द्यावी. पाय गेले होते माझे, हात होते की!" हे सांगताना त्यांच्या आवाजात रडगाणं नव्हतं. तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा, तसं ते बोलले.

त्यांना मुलांसाठी मासे पकडायचा दिवस करायचा होता. एक अख्खा दिवस, खऱ्या तलावावर, खरा गळ आणि खरा मासा. आमच्या मुख्याध्यापकांनी ऐकताक्षणी नाही म्हटलं. पाणी म्हणजे जोखीम, आणि आपल्या मुलांच्या बाबतीत तर दुप्पट. काका दर सोमवारी यायचे. वाद घालायचे नाहीत. एक-एक अडचण ऐकून घरी न्यायचे आणि पुढच्या सोमवारी तिचं उत्तर घेऊन यायचे. पाण्यात पडलं तर? काठावर दर दोन मुलांमागे एक पोहणारा माणूस. गळ टोचला तर? गळाचा उलटा काटा कानशीनं घासून टाकायचा. ऊन लागलं तर? दिवाळीनंतरचा आठवडा, तलाव भरलेला आणि हवा गार. चार महिन्यांनी सरांकडच्या अडचणी संपल्या.

तलाव त्यांनी आधीच हेरून ठेवला होता. औंढ्याच्या अलीकडे एका गावाचा जुना पाझर तलाव. तिथली मासेमारी गावातल्या भोई मंडळींच्या संस्थेकडे होती आणि संस्थेचा कारभार गंगाराम नावाच्या साठीच्या माणसाकडे. काकांबरोबर मीही गेले होते. गंगारामदादा जाळं दुरुस्त करत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "साहेब, न्या की लेकरं. पण मासा आवाजाला भेतो. लेकरं गप बसतील का?"

"त्यातली निम्मी बोलतच न्हाईत," काका म्हणाले.

गंगारामदादांनी आता वर पाहिलं, काकांच्या कुबड्या पाहिल्या, आणि हसले. "मंग तर आमच्या पोरांपरीस बरीच की!"

एका गोष्टीवर मात्र दोघांचं बिनसलं. काकांचं म्हणणं, पकडलेला मासा मुलांनी परत पाण्यात सोडायचा. गंगारामदादांना ते पटेना. "पकडायचा अन् सोडून द्यायचा? मंग पकडायचा काहून?"

"पकडता येतो, हे कळायला," काका म्हणाले.

पहिल्या वर्षी तलावावर सव्वीस मुलं होती. बांबूच्या काठ्या, नायलॉनच्या दोऱ्याचा तंगूस, तरंगायला मोरपिसाचा देठ आणि आमिष म्हणून हळद घालून मळलेली कणीक. ज्यांच्या हातात काठी ठरत नव्हती त्यांच्या मनगटाला आम्ही ती कापडी पट्ट्यांनी बांधली. पहिला मासा अंजलीला लागला. तिला जन्मापासून दिसत नाही. आम्ही सगळे मोरपिसाकडे डोळे लावून बसलो होतो, आणि ती काठी बाजूला ठेवून तंगुसावर नुसतं बोट टेकवून बसली होती. "आला," ती म्हणाली. गंगारामदादा म्हणाले, "न्हाई बाई, पीस हललं न्हाई." तिनं ओढलंच. हाताएवढी चिलापी उसळून बाहेर आली आणि गंगारामदादांनी कपाळाला हात लावला. त्या दिवशी काका स्वतःची काठी घेऊन मुलांच्या ओळीत बसले होते. त्यांना काही लागलं नाही, आणि त्याचं त्यांना अजिबात वाईट वाटलेलं दिसलं नाही.

दुसऱ्या वर्षीचं लिहायला हात जड होतो, पण ते गाळलं तर मधुकाका कोण होते हे कळणार नाही. रेणुका तेव्हा अकरा वर्षांची होती. वारंगा फाट्याजवळच्या खेड्यातली. वडील शेती करतात, आई घर आणि शेत दोन्ही बघते. रेणुकाचे हातपाय ताठ असतात, बोलणं तुटक पण लख्ख. तिची चाकाची खुर्ची आम्ही काठावर लावली होती. त्या वर्षी पाऊस उशिरापर्यंत झाला होता आणि काठ वरून कोरडा, आतून चिखल होता. तिच्या गळाला मोठा मासा लागला. ती आनंदानं पुढं झुकली, पुढची चाकं खचली आणि खुर्ची तिच्यासकट पाण्यात कलंडली. पाणी गुडघाभर होतं. गंगारामदादांनी तिला क्षणात उचललं. ती खोकली, नाकातोंडातलं पाणी बाहेर आलं, ती रडली आणि सावरली. पण तेवढ्यात कुणीतरी फोनवर ते टिपलं होतं, आणि संध्याकाळपर्यंत ते गावोगाव फिरलं.

पुढच्या आठवड्यात शाळेच्या समितीनं हा कार्यक्रम कायमचा बंद केला. बैठकीत काकांनी कुणावर ढकललं नाही. लिहूनच दिलं की काठ मी स्वतः कुबडी रोवून तपासायला हवा होता, तो तपासला नाही, चूक माझी. त्यानंतर ते आठ दिवस घराबाहेर पडले नाहीत. मी भेटायला गेले तर काकूंनी दारातच सांगितलं, "मी आधीच म्हणत होते. देवाच्या घरातली माणसं आपण, मुक्या जीवांच्या मागं कशाला लागायचं? आता लेकराच्या जिवावर बेतलं." आत काका ऐकत होते.

नवव्या दिवशी रेणुकाची आई आली; पाण्यात पडल्यापासून पोरीला तिनं घरीच नेलं होतं. बसनं वारंगा फाटा, तिथून हिंगोली, तिथून पत्ता विचारत. नेमकी मी तिथंच होते. आम्हाला वाटलं, भांडायला आली. ती उंबऱ्याच्या आत येऊन भिंतीला टेकून बसली. काकूंनी पाणी दिलं ते प्याली आणि म्हणाली, "काका, पोरगी धड जेवून न्हाई राहिली."

काका पुढं सरकले. "काहून? ताप आहे का? घाबरली का?"

"भ्यायली कुठं! म्हणते, माझा मासा सुटला. इतका मोठा होता म्हणते. रोज ईचारते, परत कवा जायचं? मी म्हणलं, आता नेत न्हाईत बाई. तर जेवणच सोडलं." मग तिनं पदरानं तोंड पुसलं. "काका, अकरा वर्षांत पोरीनं मला एक बी गोष्ट मागितली न्हाई. तिला मागायचं असतंय हेच मला ठावं नव्हतं. आता मागून राहिली, तर तुमी बंद करता व्हय?"

काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या. चहा घेऊन आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. काकांनी कुबड्या ओढून घेतल्या, उभे राहिले आणि मला म्हणाले, "वैशाली, मे महिन्यात त्या तलावाचं पाणी वीस हात मागं सरतं. काठ उघडा पडतो. तेव्हा बांधता येईल."

त्या उन्हाळ्यात त्यांनी काठ बांधला. खरं तर गावानं बांधला. पण दर शनिवारी-रविवारी सकाळी सातला स्कूटर तिथं उभी नसती, तर दगडही हलला नसता. मुरूम टाकून उतार केला. त्यावर फरशा बसवल्या, कडेला खुर्चीचं चाक अडेल इतका उंच दगडी कठडा केला. गंगारामदादांच्या घरची माणसं, गावातले शेतकरी, सुट्टीतले आम्ही शिक्षक, जो येईल त्याच्या हातात पाटी. काका दगडावर बसून प्रत्येक फरशीवर कुबडी आपटून बघायचे. एक फरशी त्यांनी चारदा काढायला लावली. गंगारामदादा वैतागले, "साहेब, आता बस की!" काका म्हणाले, "मागच्या खेपेला म्हणालो होतो बस." पाचव्यांदा ती फरशी नीट बसली. दुसऱ्या रविवारी काकूंनी सगळ्यांसाठी डबा पाठवला. तिसऱ्या रविवारी त्या स्वतःच स्कूटरच्या मागं बसून आल्या आणि फरशांवर पाणी मारत दिवसभर उन्हात उभ्या राहिल्या.

बाकी होती ती समितीची परवानगी. काकांनी घरोघर जायचं ठरवलं. प्रत्येक मुलाच्या आई-वडिलांना भेटले; औंढ्याच्या बाजूला, नरसीच्या बाजूला, फाट्याच्या बाजूला. एका गावात मुलाच्या वडिलांनी अंगणातूनच सांगितलं, "आमच्या पोराचा तमाशा करायचा न्हाई." काका परत गेले. पुन्हा गेले. तिसऱ्यांदा त्या गृहस्थांनी बाज टाकली आणि विचारलं, "तुमाला लई तकलीफ होत असंल न्हाई, असं फिरायला?" काका म्हणाले, "होते ना. पण घरी बसल्यावर जास्त होते." सही झाली. शेवटी बत्तीस सह्यांचा कागद घेऊन ते समितीपुढं बसले. मुख्याध्यापकांनी तो कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "खुर्च्या मी स्वतः लावीन."

तिसऱ्या वर्षी रेणुकानं मासा धरला. तिचा सुटलेला तोच, असं ती आजही ठासून सांगते. मासा घमेल्यातल्या पाण्यात ठेवला आणि घमेलं तिच्या पुढ्यात कठड्यावर. आता तिनं तो सोडायचा होता. तिच्या हातांना आज्ञा पोचायला वेळ लागतो. तिनं कोपर घमेल्याला लावलं, ते घसरलं. परत लावलं. मी मदतीला पुढं झाले तर काकांनी कुबडी आडवी धरली. "थांब. तिचं ती करील." सगळा काठ थांबला. तिची आई तोंडाला पदर लावून उभी होती. चौथ्या की पाचव्या खेपेला घमेलं कललं, पाणी आणि मासा एकदमच तलावात गेले, आणि रेणुका एवढ्या मोठ्यानं ओरडली की गंगारामदादा म्हणाले, "झालं! आता घंटाभर एक मासा जवळ येत न्हाई." आणि तेच सगळ्यांत जास्त हसले.

काका गेले त्यानंतर तेराव्याला ही सगळी माणसं घरी होती. समितीतल्या एकांनी हळूच विचारलं की यंदा दिवस नाही केला तर चालेल ना, दुःख ताजं आहे. माझ्याही मनात तेच होतं. मला तो काठ त्यांच्याशिवाय बघायचा नव्हता. मुख्याध्यापक म्हणाले, "तारीख त्यांनीच ठरवून ठेवलीय. बदलायची असेल तर मुलांना विचारा." मुलांना विचारायचं मला धाडस नव्हतं आणि गरजही नव्हती. दुसऱ्या दिवशी वर्गात गेले, पहिल्या बाकावरच्या मुलीपुढं उभी राहिले आणि हातांनी पाणी काढून मान होकारार्थी हलवली.

मागच्या आठवड्यात तलावावरच्या दिवसाचं सामान आणायला काकांच्या घरी गेले. काकूंनी त्यांची खोली उघडून दिली. मी या घरात इतक्या वेळा आले, पण गप्पा नेहमी बाहेरच्या खोलीत व्हायच्या. इथं कधी आले नव्हते. खिडकीखाली फळी होती आणि फळीवर मातीचे वाळलेले गोळे ओळीनं मांडलेले. मला आधी कळेना. एक उचलला. त्यात बोटांचे खोल ठसे होते, अंगठा आत वळलेला, करंगळी दिसतच नव्हती. उलटा केला तर खिळ्यानं कोरलेलं नाव… रेणुका. तिची मूठ होती ती. दुसरा अंजलीचा. तिसरा… मी एकेक ओळखत गेले. गेल्या दोन वर्षांत काकांनी प्रत्येक मुलाच्या काठीला पांगाऱ्याच्या मऊ लाकडाची वेगळी मूठ बसवली होती, प्रत्येकाच्या हातात ती बरोबर बसायची, आणि मला वाटायचं की माणसाला अंदाज चांगला आहे. ते शाळेत आले की प्रत्येकाशी हात मिळवायचे, पिशवीतून माती काढून मुलांशी खेळायचे, तो खेळ कसला होता हे मला त्या खोलीत कळलं.

फळीच्या टोकाला ओल्या फडक्यात गुंडाळलेला एक गोळा होता. काकू म्हणाल्या, "हा कुणाचा ते ठाऊक नाही. ते गेल्यापासून मी रोज फडकं भिजवते. वाळला तर वाया जाईल असं वाटतं." गोळा मऊ होता, कोरा. मला ठाऊक होतं. जूनमध्ये आमच्याकडे दुर्गा आली, सात वर्षांची. तिच्या उजव्या हाताला दोनच बोटं आहेत. काकांनी तिला पाहिलं होतं आणि जाताना मला म्हणाले होते, हिचं करायचंय.

दुसऱ्या दिवशी मी तो शाळेत नेला. दुर्गाच्या हातात दिला आणि म्हटलं, दाब. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग मातीकडे, आणि दोन बोटांनी असा काही दाबला की माती बाजूनं वर आली. गंगारामदादांना फोन केला. म्हणाले, "लाकूड मी घासतो. मला काय, जाळ्याच्या सुया घासतोच की मी. पण मूठ बराबर दाबली का बघा." संध्याकाळी गोळा परत काकूंकडे नेला, खिळ्यानं नाव कोरलं आणि फळीवर रेणुकाच्या शेजारी ठेवला. काकूंनी तो जरा वेळ बघितला. मग हात लांब करून खिडकीकडे सरकवला.

"इथं ठेव," त्या म्हणाल्या. "सकाळचं ऊन इथं येतं."